डावीकडची सीट

माझं गॅरेज हर्सूलला, जळगाव रोडवर आहे. दारात लिंबू-मिरची नाही, आणि कुणाला टांगू देणारही नाही. गाडी बिघडते त्याला कारण असतं. कारण सापडत नसेल तर मेकॅनिकनं आधी स्वतःची अक्कल तपासावी, असं मी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतो. म्हणूनच सांडूच्या जीपबद्दल मी सहसा कुणाशी बोलत नाही.

सांडू फर्दापूरचा. पूर्वी जीपमधून पर्यटकांना फिरवायचा. गेली दोन वर्षं मात्र जीप एकाच कामाला लागली होती. बायकोला, वच्छलाबाईला, दर सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिससाठी शहरात आणायचं आणि परत न्यायचं. शंभर किलोमीटर येणं, शंभर जाणं. एसटीचे धक्के तिला सोसत नसत.

एका सोमवारी परत जाताना माझ्या दारासमोरच गिअरबॉक्स फुटला. नवा यायला पंधरा दिवस लागणार होते, म्हणून मी कचरू भंगारवाल्याकडून जुना आणला. दात शाबूत होते, बेअरिंग घट्ट होती.

"कुठल्या गाडीचा रे?" मी विचारलं.

"घाटात उभी सापडली व्हती," कचरू म्हणाला. "इंजिन चालू, डावं दार उघडं. आत कुणीच नाय." मग त्यानं चहा मागवला आणि पावसाचं काय म्हणता, म्हणून विचारलं.

बॉक्स बसवला आणि क्लच सुटेना. पायडल दाबलं की इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं व्हायला हवं. ते होतच नव्हतं. पहिला गिअर टाकायला गेलं की खर्रर्र. जोर केला तर दाबलेल्या क्लचवरच जीप पुढं सरकायची. पाइपातली हवा काढली. माझा जोडीदार सुदर्शन पायडल दाबायचा आणि मी खाली झोपून क्लच ढकलणारा फोर्क बघायचो. फोर्क पुरता सरकत होता. घाईत क्लच प्लेट उलटी बसवली असेल म्हणून बॉक्स उतरवला. ही चूक भल्याभल्यांकडून होते. प्लेट सुलटीच होती. नवी टाकली. पुन्हा उतरवला, पुन्हा चढवला. दोन दिवसांत मी इतका चिडचिडा झालो की सुदर्शननं माझ्याशी बोलणं सोडलं.

गुरुवारी दुपारी दवाखान्यातून सांडू आणि वच्छलाबाई तडक माझ्याकडंच आले. शेजाऱ्याच्या गाडीतून आले होते, आणि पुन्हा जमणार नाही असं शेजाऱ्यानं तोंडावर सांगितलं होतं.

"कडुबाभाऊ, सोमवारपोतर व्हईल ना?" सांडूनं विचारलं. "मागं एक खेप चुकली तर हिच्या छातीत पाणी भरलं. डॉक्टर म्हनले, आता चुकवू नका."

मला भीती वाटत होती, तिच्या जिवाची आणि माझ्या हातगुणाचीही.

"अवो, मी गाडीतच बसते," वच्छलाबाई बाकावरून म्हणाली. "पाठ लई दुखू राहिली."

सांडूनं डावं दार उघडलं. तिला चढायला वेळ लागायचा. आधी दांडीला हात, मग एक पाऊल, मग दम, मग दुसरं पाऊल. ती टेकली तेव्हा जीप डावीकडं बोटभर खचली. त्या बाजूचे स्प्रिंगचे पाटे थकले होते. सांडूनं तिचा दाराबाहेर राहिलेला पदर आत सारला आणि दार लावलं.

"हे बघा, असं करतंय," म्हणत मी इंजिन चालू करून पायडल दाबलं. पहिला गिअर आवाज न करता पडला.

ती उतरली. खर्रर्र.

तिच्या जागी सुदर्शन बसला. खर्रर्र. सांडू बसला. खर्रर्र.

मी तिला वजन विचारलं. "एकेचाळीस," ती म्हणाली. "आत्ताच केलं दवाखान्यात." मी जुनी बॅटरी आणि वाळूची पिशवी काट्यावर नेऊन बरोबर एकेचाळीस किलो भरली आणि त्याच सीटवर ठेवली. जीप तेवढीच खचली. खर्रर्र.

ती पुन्हा बसली. गिअर पडला.

"हिला वळखती गाडी," सांडू हसला.

वच्छलाबाई हसली नाही. "सोबत लागत आसंल तिला," ती म्हणाली. "एकटं जायला कुनाला बरं वाटतं?"

तेवीस वर्षांत असली गाडी मी फाटकाबाहेर सोडली नव्हती. ही सोडली. सोमवार चुकायला नको होता. "यांच्याशिवाय चालवू नका," एवढं मात्र बजावलं.

"हिच्याबिगर मला कुठं जायचंय?" सांडू म्हणाला.

पुढं चार महिने सोमवारी आणि गुरुवारी रस्त्यावरून दोनदा हॉर्न वाजायचा. मी हात वर करायचो आणि मनातून मला लाज वाटायची.

मग दोन आठवडे हॉर्न वाजला नाही.

तिसऱ्या सोमवारी सकाळी जीप फाटकात उभी राहिली. सांडू एकटाच उतरला.

"गेली," तो म्हणाला. "घरीच, झोपंत. परवा तेरावं झालं."

मला फार वाईट वाटलं. आम्ही बाकावर बसलो. चहा आला, तसाच निवला. शेवटी न राहवून मी विचारलंच, "मग गाडी आणली कशी? क्लच?"

"सुटतो की. आता कधीच अडत नाय."

मी जाऊन स्टिअरिंगवर बसलो. शेजारची सीट रिकामी होती. इंजिन चालू केलं, पायडल दाबलं. गिअर पडला. पुन्हा. पुन्हा.

मी खाली उतरलो. "सांडूभाऊ, हा बॉक्स काढू. दुसरा बसवतो."

"नका काढू."

"निघालात कुठं?"

"सोमवार हाय ना," तो म्हणाला.

तो वळसा घालून गेला आणि डावं दार उघडून उभा राहिला.

दांडीला हात. एक पाऊल. दम. दुसरं पाऊल. एवढा वेळ तो थांबला.

जीप डावीकडं बोटभर खचली.

सांडूनं वाकून पदर आत सारला आणि दार लावलं.