गाळातल्या भिंती

पाऊस येण्याआधी त्या भिंती कागदावर उतरवायच्या होत्या. तेवढ्यासाठीच आम्ही तिघं माजलगावच्या आटलेल्या जलाशयात उतरलो.

पाणी हटत हटत पार मधल्या पात्राला जाऊन चिकटलं होतं. बाकी नजर पोचेल तिथवर भेगाळलेला गाळ, शिंपल्यांचा खच आणि बुडून काळी पडलेली बाभळीची खोडं. या उजाड पसाऱ्याच्या मधोमध एका प्राचीन वस्तीची एक बुटकी टेकडी वर आली होती. वर्षानुवर्षं लाटांनी तिची कड खरवडली होती आणि आतल्या कच्च्या विटांच्या भिंती उघड्या पाडल्या होत्या.

पुरातत्त्व खात्याकडून खोदकामाची जबाबदारी माझी, सत्यभामाची. मोजमापं आणि नकाशे बद्रीनाथकडे. आणि वाट दाखवायला मुंजाजीमामा, इथल्या मच्छीमार सहकारी सोसायटीचा जुना सभासद. दुष्काळात त्याला दुसरं काम उरलं नव्हतं.

"माज्या पावलावर पाऊल ठिवा," त्याने पहिल्याच दिवशी बजावलं. "वरून कडक दिसतंय. खाली लई मऊ हाय!"

काम नाजूक होतं. वीटही मातीची आणि तिच्याभोवतीचा ढिगाराही मातीचाच. सकाळच्या ओलाव्यात हलका ब्रश फिरवला की विटांमधले काळे सांधे दिसायचे. ऊन चढलं की सगळं एकसारखं राखाडी. मग आम्ही कडेने खुंट्या ठोकायचो, सुतळी ताणायचो आणि बद्रीनाथ एकेक वीट कागदावर घ्यायचा.

एका सकाळी सुतळी सैल दिसली. वाऱ्याने असेल, म्हटलं. दुसऱ्या दिवशी दोन खुंट्याच जागेवर नव्हत्या!

"मॅडम, इथवरची वाट कुणाला ठाऊक आहे?" बद्रीनाथ हळूच म्हणाला.

त्या दिवसापासून माझी नजर मुंजाजीमामावर राहिली. दुपारी तो लांब जाऊन, पाठ करून फोनवर बोलायचा. मी जवळ गेले की गप्प. डबा आमच्यासोबत खायचा, पण पाणी स्वतःच्याच बाटलीतलं प्यायचा. त्यालाही आमचा भरवसा नव्हता तर!

शेवटी आम्ही दोघं एकदा त्याला न सांगता, उजाडताच निघालो. आदल्या दिवशीच्या ठशांवर पाय ठेवत टेकडी गाठली. मुंजाजीमामा भिंतीजवळ वाकला होता. हातात खुंटी!

"मामा! हे काय?"

तो पळाला नाही. "उपटाया लागलोय. दिसतंय की."

"पण का?"

"उद्या तुमी इथं सरकारी बोर्ड लावताल, कुंपण घालताल. मंग पानी आल्यावर आमाला जाळं टाकू देताल का?"

"आम्ही फक्त मोजतोय, मामा."

"समदे आधी मोजतेतच, मॅडम. धरणाच्या वक्ताला आमचं गाव बी मोजलंच व्हतं."

बद्रीनाथ भडकला. "याला आत्ताच्या आत्ता हाकला!"

"ठसं काय रोज राहतेत? मी गेलो तर तुमी जाताल कसं?" मामाने शांतपणे विचारलं.

भांडण तिथेच टाकून आम्ही कामाला लागलो. तिघंही एकमेकांकडे तिरकं बघत. दुपारी भिंतीच्या पायथ्याशी खणताना एका रांजणाचा गळा दिसला. तोंडावर मातीचं झाकण, लिंपून घट्ट बसवलेलं! बद्रीनाथचे डोळे चमकले.

तेवढ्यात पश्चिमेला आभाळ काळवंडलं. वावटळ उठली. अवकाळी येत होता!

"रांजण काढू, मॅडम! विटांच्या दोन ओळी पाडल्या की निघेल!"

मी भिंतीकडे पाहिलं. "नाही. बुजवा!"

"काय?"

"सगळा खड्डा बुजवा! भिंत उघडी राहिली तर आज विरघळून जाईल. माती ओढा!"

मुंजाजीमामा क्षणभर माझ्याकडे बघतच राहिला. यातही काही डाव आहे का, हे तो शोधत असावा. मग त्याने फावडं उचललं. बद्रीनाथने दात-ओठ खात घमेलं धरलं. भराभर माती पडू लागली. रांजण दिसेनासा झाला. भिंत दिसेनाशी झाली. टपोरे थेंब आले, मागोमाग गारा!

"चला!"

गाळाची साल झपाट्याने मऊ पडत होती. विजेच्या कडकडाटाने दचकून बद्रीनाथचं पाऊल वाटेबाहेर पडलं. साल फाटली. कमरेपर्यंत आत! नकाशांची नळी त्याने डोक्यावर धरली होती.

"हालू नगंस बे!" मुंजाजीमामा ओरडला. त्याने खांद्यावरची ताडपत्री गाळावर पसरली आणि पोटावर पडून पुढे सरकला. मी त्याचे घोटे घट्ट धरले. ओढा! थांबा! पुन्हा ओढा! गाळाने बद्रीनाथचे बूट गिळले, पण माणूस सोडला. नळीही शाबूत राहिली.

काठावर सोसायटीची माणसं उभी होती. पुढे अध्यक्षा सुभद्राबाई. मामाचे दुपारचे फोन तिलाच जात असणार. आमची चिखलाने भरलेली सोंगं बघून ती हसली नाही.

"काय काढून आनलं?"

"काहीच नाही," मुंजाजीमामा धापा टाकत म्हणाला. "समदं पुरून आलो. मी सोता माती लोटली."

सुभद्राबाई माझ्याकडे वळली. "आन कुंपण?"

"ते माझ्या हातात नाही," मी खरं तेच सांगितलं. "पण भिंती गाळाखालीच सुखरूप राहतील, आणि मासेमारीचा त्यांना काही त्रास नाही, असं अहवालात लिहीन. पाठवण्याआधी तुम्हाला वाचून दाखवीन."

पुढच्या आठवड्यात सोसायटीच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी अहवाल वाचला. जाळ्यांच्या ढिगाऱ्यावर बसून सुभद्राबाईने तो शेवटपर्यंत ऐकला.

"मासेमारीचं कुटं लिवलंय? तिथं बोट ठिवा."

मी ठेवलं.

"आता त्येवढंच परत वाचा. हळू."

मी वाचलं. तिने मुंजाजीमामाकडे पाहिलं. त्याने मान डोलावली.

"बसा मंग," ती म्हणाली. "जेवून जावा."