यवनांचे खांब

"हा गोल घुमट इथं काय करतोय?"

आयर्लंडमधल्या ओंगारच्या कम्युनिटी हॉलच्या दारात, हॉल बघायला आलेली उल्का निथळत उभी होती. समोर एक उंच मुलगा दातांत चिकटपट्टी धरून भिंतीवर पोस्टर लावत होता. वर ठळक अक्षरांत ‘यवनांचे खांब’, आणि खाली... चक्क विजापूरचा गोल घुमट!

"यवन म्हणजे सुलतान वगैरेच ना?" तो तोंडातल्या तोंडात म्हणाला. "कोणी बाई येणारेत पुढच्या महिन्यात व्याख्यानाला. म्हटलं, आदिलशाहीचंच काहीतरी असेल."

"यवन म्हणजे ग्रीक! आणि ती बाई मीच."

चिकटपट्टी पडली खाली. आता त्या बिचाऱ्याचा तरी काय दोष म्हणा! शाळेत बखरींचे उतारे वाचलेल्या कुठल्याही मराठी माणसाला यवन म्हटलं की घोड्यावरचा खानच दिसणार. पण उल्का मेनूथच्या विद्यापीठात ग्रीक देवळांवर पीएचडी करत होती, आणि आपल्या विषयाचा तिला भारी तोरा.

"सॉरी... मी सुश्रुत. हाडांचा डॉक्टर. इतिहास जरा कच्चा आहे."

"नाव सुश्रुत, आणि इतिहास कच्चा?"

रागावली होती खरी. पण हे म्हणताना तिला हसू आवरेना. तोही हसला, आणि हसला की त्याच्या गालाला एकाच बाजूला खळी पडते, हे तिच्या उगाचच लक्षात राहिलं.

तिची बस चुकली तेव्हा त्यानंच गाडीनं मेनूथला सोडलं. वाटेत वायपरच्या तालावर गप्पा छान रंगल्या होत्या, आणि तेवढ्यात त्यानं नको तेच विचारलं. "पण मराठी मुलीचा ग्रीकांशी संबंध काय?"

झालं! उल्काचा चेहरा उतरला. हाच प्रश्न पुण्याहून आई रोज विचारायची. "पुरे झाली ती परक्यांची मोडकी देवळं, आता लग्नाचं बघ." तिला ग्रीसमधल्या एका उत्खननावर दोन वर्षांचं काम मिळत होतं. हो की नाही, ते व्याख्यानानंतरच्या सोमवारी कळवायचं होतं. आणि खरं सांगायचं तर आईचं ऐकून ऐकून तिच्या मनानं ‘नाही’कडे पाऊल टाकलंही होतं.

"व्याख्यानाला या, कळेल," ती नाक उडवत म्हणाली.

व्याख्यानापर्यंत कोण थांबतंय? पुढच्या रविवारी पोस्टरसाठी ‘खरा’ फोटो हवा, असं निमित्त काढून तो तिला डब्लिनमध्ये घेऊन गेला. ग्रीक धाटणीच्या एका जुन्या इमारतीसमोर, एकाच छत्रीत दोघं उभे राहिले.

"नीट बघ. खांब सरळ आहेत?" कधी ‘तू’ म्हणाली, तिचं तिलाच कळलं नाही.

त्याला मात्र कळलं. "सरळच की," तो हळूच म्हणाला.

"नाहीत. मधे किंचित पोट आहे. अगदी सरळ ठेवला, तर लांबून खांब मधे बारीक झाल्यासारखा दिसतो. तो आपल्या डोळ्यांचा दोष. म्हणून ग्रीकांनी दगडालाच जरासा फुगवटा दिला."

"बघणाऱ्याची इतकी काळजी?"

"खांब तिकडे आहे, डॉक्टर."

"माहितीये..." म्हणाला, पण मान काही वळवली नाही त्यानं. पाऊस थांबला तरी छत्री कुणी मिटली नाही. त्याच छत्रीत तिनं त्याला ग्रीसच्या कामाचं आणि सोमवारच्या मुदतीचंही सांगून टाकलं.

व्याख्यानाला हॉल भरला. उल्का बोलली मनापासून, पण शेवटी तिथल्या मराठी मंडळाच्या विद्याकाकूंनी हात वर केलाच. "छान बोललीस गं. पण आपला काय संबंध या ग्रीकांशी?"

सगळा हॉल तिच्याकडे बघत होता. मागच्या रांगेत सुश्रुत खुर्चीच्या टोकावर आला.

"काकू, कार्ल्याला जाता ना तुम्ही?"

"म्हणजे काय! एकवीरा आमची कुलस्वामिनी."

"मग देवीच्या शेजारचं लेणं बघितलं असेल. तिथल्या काही खांबांवर कोरलंय, हा खांब अमुक यवनानं दान दिला. दोन हजार वर्षांपूर्वी यवन म्हणवणारी माणसं आपल्या सह्याद्रीत राहिली, आणि आपल्या लेण्याला त्यांनी खांब दिले. ते आपले झाले, काकू! मग त्यांच्या गावची देवळं मी परकी का मानू?"

बोलता बोलता तिचा आवाज चढला, ऊर भरून आला. इतके दिवस जगाला द्यायचं राहून गेलेलं उत्तर तिनं आत्ता पहिल्यांदा स्वतःही ऐकलं होतं.

"अगं बाई!" विद्याकाकू गालावर हात ठेवून म्हणाल्या. "इतकी वर्षं ओटी भरतेय, कधी मान वर करून बघितलं नाही गं!" आणि टाळ्यांना सुरुवात त्यांनीच केली.

बाहेर भुरभुर पाऊस होता. सुश्रुतनं छत्री उघडली. "मग... सोमवारी काय कळवणार?"

"हो म्हणून." ती जरा थांबली. "पण आता थांबावंसं वाटायला आणखी एक कारण झालंय. समोरच उभं आहे."

तो कानापर्यंत लाल झाला. मग अगदी शांतपणे म्हणाला, "ते कारण बाद कर. आज शेजारच्या माणसाला तीनदा सांगितलं मी, ती बघा, मी ओळखतो तिला. माझ्यासाठी तू मागे राहिलीस, तर कुठल्या तोंडानं सांगू? जा तू. ग्रीस काय, सुट्टी टाकून येईन मी. माझं प्रेम आहे उल्का... एवढ्यानं आटणारं नाही."

उल्काचे डोळे भरले. तेवढ्यात पर्समधला फोन वाजला. आईचा व्हिडिओ कॉल!

"आई, मी ग्रीसला चाललेय," तिनं एका दमात सांगून टाकलं.

"अगं पण..." आई बोलता बोलता थबकली, चष्मा सारखा करून पडद्यात डोकावली. "तुझ्यावर छत्री कुणी धरलीय?"

सुश्रुत घाईघाईनं मागे सरकायला लागला. उल्कानं त्याची बाही धरली, त्याला ओढून आपल्या शेजारी उभं केलं आणि मान ताठ करून म्हणाली, "माझा माणूस आहे, आई."