अक्षराचा घास

चिनी माती काढून काढून आमच्या कॉर्नवॉलच्या या खाणीचा पांढरा वाडगा उरला होता. त्यात आम्ही झाडांसाठी घुमट बांधत होतो. पोलादी षटकोन, आणि प्रत्येकात पारदर्शक पडद्याची, हवा भरलेली उशी. सगळा घुमट इतका हलका, की कोसळण्यापेक्षा उडून जाण्याचंच भय. म्हणून प्रत्येक पायाखाली भार दाखवणारा काटा बसवला होता. ते काटे मी बघायचे.

माझा धाकटा भाऊ डेन्झिल दोरावर लटकून उशा बसवायचा. दोरावर जाणाऱ्याचं वजन रोज सकाळी करायचं, अशी कामावरची रीत. त्या दिवशी तो ब्याऐंशी किलो भरला.

"मावशीच्या पास्ट्या बोलायला लागल्या की रे काट्यावर!"

"जळ तू, ताई. वाळकी काटकी!"

पास्टी म्हणजे आमची मांस-बटाट्याची वीतभर करंजी. लव्हडेमावशी प्रत्येकीच्या टोकावर खाणाऱ्याच्या नावाचं अक्षर काढते. खाणीतला माणूस दुसऱ्या टोकाकडून खात येतो आणि अक्षराचा घास खाणीला टाकतो. का, ते कुणी विचारत नाही. मीही टाकते, मावशी रागावते म्हणून.

डेन्झिलनं माझ्या डोळ्यांदेखत आपलं अक्षर चावून गिळलं. "खाणीला काय पोट आहे?" म्हणाला, आणि वर चढला.

दुपारी समुद्राकडून वारा उठला. उशा गुणगुणायला लागल्या. उत्तरेच्या पायाचा काटा उतरू लागला.

"डेन्झिल, खाली ये!"

"दोर अडकलाय, ताई!"

काटा शून्याला टेकला. घुमटाचा पाय जमिनीवरून सुटला. फटीत पांढरा चिखल दिसला. मी, गणितावर जगणारी बाई, त्या फटीला तोंड लावून बोलले, "हवं ते घे. पण धर याला."

काटा थांबला.

मग चढला.

वारा तसाच होता. फट मिटली.

डेन्झिल दोर सोडवून हसत उतरला. "केवढी घाबरतेस गं!" मी त्याला मिठी मारली. काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय, ते कळलं नाही.

संध्याकाळी वारा पडला. बाकीचे काटे जागेवर आले. उत्तरेचा मात्र ब्याऐंशी किलो जास्त दाखवत राहिला. मी काटा बदलला. नवाही तेच सांगू लागला.

घराकडची वाट चिखलाची. माझे बूट घोट्यापर्यंत रुतत होते. डेन्झिल पुढे, शीळ घालत.

"चल की ताई, काय रुतत बसलीस!"

तो गेला होता तिथली ओली पांढरी माती ताटात ओतलेल्या दुधासारखी सपाट होती.