दुसऱ्या कागदाचं उत्तर

मालिसच्या पत्राला मी सव्वीस वर्षं उत्तर दिलं नाही. पत्र हरवलं नव्हतं. टेबलाच्या खणात, माशांच्या नोंदवह्यांखाली होतं.

आमची भेट राजधानीत, नोम पेन्हच्या एका हॉटेलात झाली. परदेशी मदतसंस्थेनं आम्हा विद्यापीठवाल्यांना आणि मंत्रालयातल्या लोकांना एकत्र बसवलं होतं. मी चाळीस आलेख दाखवले. अधिकारी पेंगले. शेवटच्या रांगेतली एक मुलगी मात्र कमळाच्या बिया सोलत माझ्याकडे टक लावून बघत होती... मी तीन आकडे चुकलो.

चहाच्या वेळी ती समोर आली.

“गुरुजी, मी मालिस. मंत्र्यांपुढे कागद ठेवण्याचं काम माझं. मग, धरणाच्या झडपा उघड्या ठेवायच्या की बंद?”

“तसं... अजून एका हंगामाच्या नोंदी—”

“मासे तुमच्या नोंदींसाठी थांबतात वाटतं?”

तिनं एका बीमधला कडू हिरवा कोंब नखानं काढला आणि बी माझ्या तळहातावर ठेवली. “खा. याला पुरावा लागत नाही.”

आमच्या नदीवर नवं धरण झालं होतं. पाणी चढू लागलं की मासे अंडी घालायला वर जातात. तेवढे सहा आठवडे झडपा उघड्या राहिल्या तरच ते पोहोचणार होते. वरच्या अंगाला मालिसचं गाव होतं.

त्या वर्षी दर शनिवारी आम्ही नदीकाठच्या बाकावर बसायचो. मी लिहिलेलं वाचायचो, ती पेन्सिलीनं खोडायची.

“‘असे म्हणता येऊ शकेल असे दिसते’... अहो, हे वाक्य आहे की गोगलगाय?”

“शास्त्रात सावध राहावं लागतं.”

“आणि इतर बाबतीत?”

तिची पेन्सिल माझ्या बोटाला टेकली होती. मी चष्मा पुसत बसलो.

मग ते पत्र आलं. ‘गुरुजी, बैठक सोमवारी आहे. मंत्रीसाहेब एकच पान वाचतात. झडपा उघड्या की बंद, एवढंच लिहा. आणि दुसऱ्या कागदावर माझ्याबद्दल लिहा. तिथेही हो किंवा नाही. “बहुधा” हा शब्द नको.’

दोन्ही उत्तरं मला ठाऊक होती. पण पाच वर्षांपैकी एका वर्षाच्या नोंदी पुरात गेल्या होत्या. कुणी तेवढ्यावर बोट ठेवलं तर? आणि स्वतःबद्दल तर माझ्यापाशी कसल्याच नोंदी नव्हत्या. मी जाळी घेऊन आणखी एका हंगामाच्या मोजणीला निघून गेलो.

सोमवारी मालिस रिकाम्या हातानं बसली. धरणवाल्यांच्या माणसाकडे मात्र एक पान होतं. झडपा बंदच राहिल्या.

दोन वर्षांनी माझा निबंध परदेशात छापून आला. दोनशे चौदा विद्वानांनी त्याचा दाखला दिला. तोवर वरच्या गावांची जाळी कोरडी पडली होती, माणसं सीमेपलीकडे दुसऱ्यांची घरं बांधायला गेली होती. मालिसनं नोकरी सोडली, ती गावच्या शाळेत शिकवू लागली असं कळलं. पुढचं विचारायचं धाडस मला झालं नाही.

गेल्या महिन्यात विद्यापीठातल्या एका मुलीनं आपला अहवाल तपासायला पाठवला. अंडी घालायला वर जाणारा तो मासा आता वरच्या अंगाला एकही नाही. शेवटची ओळ होती: ‘याबाबत अधिक अभ्यासाची गरज आहे.’ ती तिनं माझ्याच निबंधातून घेतली होती.

मी ती ओळ खोडली आणि एक कोरा कागद ओढला.

‘मालिस, झडपा उघड्या ठेवायला हव्या होत्या. मला ते मोजणीच्या दुसऱ्याच वर्षी कळलं होतं. दुसऱ्या कागदाचं उत्तरही हो. तेव्हाही होतं, आजही आहे. दोन्हींचा आता कुणाला उपयोग नाही.’

अर्धं पानही भरलं नाही.

टपाल कचेरीतल्या बाईंनी पत्ता वाचला. “आजोबा, हे गाव तर जवळजवळ उठलं. कुणी राहतं का तिथे?”

“एक बाई राहतात.”

“नक्की?”

माझ्यापाशी काहीच पुरावा नव्हता.

“नक्की,” मी म्हणालो.

त्यांनी शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.