शुक्रवारची भट्टी

विश्वास ठेवायचा नसेल तर इथंच थांबा. पटवत बसायला मला वेळ नाही. जिच्या बाबतीत हे घडलं ती माझी सख्खी आत्या, आणि विठाआत्या कुणाच्या बापाला घाबरून कधी खोटं बोलली नाही.

साल १९९१. शुक्रवार. भरदुपार.

हो, दुपारच! असलं सगळं रात्रीच घडतं, असं कुणी सांगितलं तुम्हाला?

अंबरनाथच्या एमआयडीसीत धातूंवर संशोधन करणारी एक लॅब होती. आत्या चिखलोलीहून सायकलवर तिथं जायची. पोलादाची बोटाएवढी कांडी भट्टीत तापवायची, खाली वजन टांगायचं आणि ती किती दिवस तग धरते ते बघायचं, हे तिचं काम. मध्येच भट्टी गार झाली, की चाचणी बाद.

त्या दिवशीची कांडी एका फुटलेल्या बॉयलरच्या पाईपमधून कापलेली होती.

त्या स्फोटात चार कामगार गेले. त्यातला एक बारकू, बारवीकडच्या पाड्यावरचा. कारखान्यानं हात झटकले. पाईप चांगला होता, बारकूनंच व्हॉल्व्ह चुकीचा फिरवला, म्हणे! मेलेला माणूस थोडाच उठून उत्तर देणार?

पाड्यावर त्याच्या बायकोला, पुतळीला, विहिरीवर पाणी भरू देईनात. "तुझ्या नवऱ्यानं आमची माणसं खाल्ली!" ती बिचारी रोज लॅबच्या गेटबाहेर येऊन बसायची.

कांडी लवकर तुटली, तर पाईपच कच्चा. बारकू सुटला.

शुक्रवारी एमआयडीसीची लाईट बंद असते. भट्टीसाठी जनरेटर होता. पण आत्या सकाळी पोचली, तर तो मुका. टाकी कोरडी ठणठणीत.

"आण्णा, काल तर डिझेल भरलं होतं!"

वॉचमन आण्णानं मान खाली घातली. "दौलतराव साहेबांनी काढायला लावलं, ताई. मला पोरंबाळं आहेत."

दौलतराव म्हणजे लॅबचे मोठे साहेब. आणि लॅबला संशोधनासाठी पैसा पुरवणारा कोण? तोच कारखाना. आलं ना लक्षात?

आत्या भट्टीपाशी स्टूल टाकून बसली. हलली नाही.

बाहेर एकही मशीन चालू नव्हतं. पाखराचाही आवाज नाही.

दुपारी तिनं भट्टीवर हात ठेवला...

गार.

तिला रडू फुटलं. संतापानं. ती मोठ्यांदा म्हणाली, "बारकू, मी तुला कधी पाहिलं नाही. पण तुझी चूक नसेल ना, तर असा मुकाट मरू नकोस. ये आणि धर!"

काही झालं नाही.

मग... बिडीचा वास आला.

लॅबमध्ये कुणीच बिडी ओढत नव्हतं.

मग... भट्टीमागं कुणीतरी धापा टाकत होतं. ओझं उचलून आलेला माणूस टाकतो, तशा.

आत्या उठली नाही. घाम फुटला होता. पण उठली नाही.

खालचं वजन करकरलं... जणू कुणी त्याला लोंबकळलं होतं.

तेवढ्यात दौलतराव आले. "सोडा आता, विठाताई. भट्टी गार झाली. चाचणी बाद म्हणून लिहा आणि घरी जा."

"गार झाली? हात लावून बघा, साहेब."

"त्यात काय बघायचं?" म्हणत त्यांनी भट्टीचं दार उघडून हात आत घातला.

ती किंकाळी आण्णानं गेटवर ऐकली.

आणि त्याच क्षणी... ठण्ण!

कांडी तुटली.

साहेबांच्या उजव्या तळव्याची सालं निघाली होती. आता भट्टी गार होती, असं कुठल्या तोंडानं सांगणार? पाईप कच्चा असल्याच्या रिपोर्टवर त्यांनी निमूट सही केली. डाव्या हातानं.

तो रिपोर्ट आत्यानं पाड्यावर जाऊन विहिरीच्या काठावर वाचला. खणखणीत आवाजात. आणि पुतळीला म्हणाली, "आधी तू भर. बघू कोण अडवतंय."

कुणी अडवलं नाही.

कांडीचे दोन्ही तुकडे आत्यानं तिच्या हातावर ठेवले, ते अजून कोमट होते. पुतळीनं ते गालाला लावले आणि हुंदका फुटला. "ताप आला ना बाई, का त्याचं आंग असंच लागायचं." मग तिनं ते परत दिले. "तुमच्यापाशीच असू द्या. परत कुणाला लागतील."

आत्या आता नाही. तुकडे माझ्याकडे आहेत, उल्हासनगरला, कॅम्प पाचच्या घरात. रुमालात बांधून कपाटात ठेवलेत. इतकी वर्षं दगडासारखे गार होते.

परवा शुक्रवारी लाईट गेली...

घरात बिडीचा वास आला.

कपाट उघडलं. रुमालाला हात लावला आणि मागं घेतला.

बायको म्हणते, खाडीत टाकून या. नाही टाकणार! भीती वाटते, झोप उडालीय, तरी नाही टाकणार.

कारण बारकू उगाच येत नाही. कुठंतरी पुन्हा कुणीतरी मेलेल्या माणसावर दोष ढकलून मोकळं झालंय.