डब्याचं नाव

मयूर विहारातला तो डबा रोज सकाळी अकराला मरायचा आणि साडेअकराला आपोआप जिवंत व्हायचा. गुडगावच्या ऑफिसात बसून स्वरूपाला हे स्क्रीनवर दिसत होतं. डबा म्हणजे हाताच्या पंज्याएवढं यंत्र. घरातला साधा फोन त्याला जोडला की इंटरनेटवरून अमेरिकेशी बोलता येई. दोन हजार सहा साली, ज्यांची मुलं तिकडे गेलेली अशा घरांतून, या डब्याला देव्हाऱ्याच्या खालोखाल मान होता.

"देखिए मॅडम, कॅलिफोर्निया से मेरे भाई का फोन लगता ही नहीं," सुधन्वा जोगळेकर नावाचा ग्राहक तक्रार करत होता. तेवढ्यात त्याच्या मागून एका बाईचा खणखणीत आवाज आला, "तिला विचार, डबा बिघडलाय की माझे कान?"

स्वरूपाला हसू आवरलं नाही. पुण्याहून येऊन तीन महिने झाले होते, आणि इतकं घरचं मराठी तिच्या कानावर पडलंच नव्हतं.

"दोन्ही ठीक आहेत, सर," ती मराठीतच बोलून गेली. "पण सकाळी अकराला तुमच्याकडे काय असतं?"

"अच्छा... तुम्ही आपल्याच! आई, अकराला काय असतं गं?"

"काय असणार? चटणी!"

मिक्सर लावायला त्याची आई, अलकनंदाबाई, डब्याचा प्लग काढत होत्या. कॅलिफोर्नियातला भाऊ सिद्धांत झोपायच्या आधी फोन करायचा तो नेमका तेव्हाच. तक्रार तिथेच मिटली.

तरीही सुधन्वाचे फोन थांबले नाहीत. कधी आवाज घुमतो, कधी घंटी बारीक वाजते.

"बंद करून चालू केलात?"

"आत्ताच केला की!"

स्वरूपाने स्क्रीन पाहिला. "सर, डबा म्हणतोय, एकोणीस दिवस मला कुणी हात लावलेला नाही."

"...चुगलखोर आहे यार तुमचा डबा."

"माझ्यावर गेलाय."

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. प्रत्येक कॉल रेकॉर्ड व्हायचा आणि सुपरवायझर मीनाक्षी मॅडम तो ऐकायच्या. ग्राहकाशी खासगी गप्पा मारल्या म्हणून गेल्याच महिन्यात शेजारच्या टेबलावरच्या अनिशला घरी बसवलं होतं. सुधन्वा तक्रारींबद्दल खोटं बोलतोय हे तिला कळत होतं, आणि ते तिला आवडतही होतं. पण बोलायची सोय नव्हती.

सोय सुधन्वाने शोधली. डब्याच्या सेटिंगचं पान त्यालाही उघडता यायचं. तिनेच त्याला पासवर्ड दिला होता. त्या पानावर 'यंत्राचं नाव' अशी एक चौकट होती. रोमन लिपीतली सोळा अक्षरं मावतील एवढीच. तिथे नेहमी 'अडॅप्टर १' असायचं. एका दुपारी तिने पान उघडलं तर लिहिलेलं होतं — 'जेवलात का?'

तिने इकडेतिकडे पाहिलं, ते खोडलं आणि लिहिलं, 'डबा संपला.'

मग दोन महिने हाच उद्योग. 'घसा बसलाय?' 'थोडासा.' 'आलं खा.' सोळा अक्षरांत माणूस खोटं फार बोलू शकत नाही. तो काळजी करतो हे तिला कळलं, आणि आपण त्याच्यात पुरत्या गुंतलोय हेही.

एका सोमवारी मीनाक्षी मॅडमनी जाहीर केलं, "शनिवारी सहा वाजल्यापासून सगळ्या डब्यांना एकसारखं सेटिंग सर्व्हरवरून जाणार, हाताने लिहिलेलं सगळं पुसलं जाईल. तुम्हाला एकेक पान उघडायची गरज नाही. हेल्पलाइन पण बंद, सोमवारपासून तुम्ही सगळे दुसऱ्या कामाला."

म्हणजे चौकट गेली. फोनही गेला.

शनिवारी पावणेसहाला चौकटीत उमटलं — 'रविवारी चहा?'

 स्वरूपा दहा मिनिटं नुसती बघत बसली. पाच अठ्ठावन्नला तिने धीर करून लिहिलं, 'हो. कुठे?' पान जतन केलं, पुन्हा उघडलं...

'अडॅप्टर १.'

सहा वाजले होते. त्याने वाचलं असेल का? पत्ता तिच्या रजिस्टरमध्ये होता, पण न बोलावता ग्राहकाच्या दारात उभं राहायचं कसं? तिचे डोळे भरून आले.

फोन वाजला. शेवटचा.

"हॅलो, मी अलकनंदा जोगळेकर. अगं, हा सकाळपासून त्या डब्यापुढे बसलाय. आता म्हणतो, तिने काय लिहिलं ते दिसायच्या आतच पुसलं गेलं. काय लिहिलं होतंस?"

"काकू... हा कॉल रेकॉर्ड होतोय."

"होऊ दे की! घे, याच्याशी बोल."

सुधन्वाने फोन घेतला. "मॅडम..."

"स्वरूपा," ती म्हणाली. मीनाक्षी मॅडम हेडफोन लावून थेट तिच्याकडेच बघत होत्या. स्वरूपाने नजर वळवली नाही. "मी हो लिहिलं होतं. मला तुम्हाला भेटायचंय. मला तुम्ही आवडता."

"मला पण तुम्ही... खूप. मग उद्या पाचला? घरीच या. आई चटणीची सँडविच करेल."

"येते."

फोन ठेवला तेव्हा मीनाक्षी मॅडम टेबलाशी आल्या होत्या. "तक्रार मिटली?"

"नाही, मॅडम."

मॅडमनी वाकून तक्रारीचा फॉर्म तिच्यापुढे सरकवला. "मग लिही, घरी जाऊन बघावं लागेल. आणि ड्रेस जरा बरा घाल."