नळामागच्या मनगट्या

आरोहीला एक वाईट खोड आहे. दिसेल त्याचं बारसं करायची. गॅलरीतलं मांजर, पाण्याचा पंप, कशालाही नाव. तिची आजी सुभद्राबाई शंभरदा ओरडली असेल, "अगो, नाव द्यायचं काम आत्याचं. तू कोण टिकोजीराव?"

पोरगी नुसती हसायची.

ज्याला पुढचं खोटं वाटेल त्याने करी रोडला यावं. चाळ अजून उभी आहे. पाडायच्या आत यावं.

गेल्या माघातला रविवार. भर दुपारचे बारा. रात्र नव्हे, अमावास्या नव्हे.

चाळ पाडणार, म्हणून आरोहीच्या मंडळाने मागच्या आवारात उत्खनन मांडलं होतं. सगळ्यांना खुलं. कुणीही यावं, खुरपं नि ब्रश घ्यावा, गिरण्यांच्या काळातलं काय निघतं ते बघावं. दोऱ्या बांधून चौकोनी खड्डे आखलेले. खुर्च्या, माइक, पन्नासेक हौशी माणसं. ज्यांनी घरी कधी केर काढला नसेल ती इथे माती झाडत होती.

सुभद्राबाई दुसऱ्या मजल्यावरून बघत होती. जुन्या नळामागचा खड्डा उघडला, तेव्हा तिने कठडा घट्ट धरला.

तिथे काय आहे, ते आता तिला एकटीलाच ठाऊक होतं.

छप्पन वर्षांपूर्वी तिची पहिली मुलगी नवव्या दिवशी गेली. बारसं व्हायचं होतं. सासूने तिला नळामागे पुरलं आणि बजावलं, "हिला नाव देऊ नको. मनातसुद्धा नको. नाव मिळालं की ती घर शोधत येईल."

सुभद्राबाईने दिलं नाही. मनातसुद्धा नाही.

"सापडलं!" खालून कुणीतरी ओरडलं.

ब्रश फिरला... आणि मातीतून दोन मनगट्या वर आल्या. काळ्या मण्यांच्या. एवढ्याशा.

दोरा शाबूत. काल ओवल्यासारखा.

हाड मात्र नाही. एकसुद्धा नाही.

आरोहीने माइक घेतला. "सापडलेल्या प्रत्येक वस्तूला आम्ही नंबर देतो. पण हे कुणाचं तरी बाळ होतं. आपण त्याला मनू म्हणू या?"

"नको गो!" सुभद्राबाई किंचाळली.

खाली टाळ्या पडत होत्या. म्हातारीचं कोण ऐकतो?

टाळ्या थांबल्या. आणि तिच्या पाठीमागे, रिकाम्या खोलीत...

कर्र... कर्र...

तुळईला पाळण्याची कडी आहे. पाळणा कधीच भंगारात गेला.

नुसती कडी हलत होती. पंखा बंद होता.

खोलीत वेखंडाचा वास भरला. सुभद्राबाईने छातीला हात लावला...

पोलकं ओलं होतं.

वय वर्षं शहात्तर.

"बाळा, मी आहे गो. आये आहे."

कडी थांबली नाही. तिने देवापुढे नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं. थांबली नाही. शेवटी हात उंच करून कडी धरू गेली. हात पोचला नाही.

चार वाजता आरोही मातीचे हात घेऊन वर आली. "आजी, जेवलीस का? कसला आवाज येतोय?"

आजीने वर बोट दाखवलं. आरोहीने पाहिलं. जीभ तिच्या ताब्यात कधी होती?

"मनू...?"

कडी थांबली.

काहीच आवाज नाही.

मग आरोही पांढरीफटक पडली. "आजी... माझं बोट कुणीतरी धरलंय."

तान्हं मूल धरतं तसं. सगळी मूठ एका बोटाभोवती.

दिवे लागायच्या आत मनगट्या होत्या तिथे ठेवल्या, वर दूध ओतलं, खड्डा बुजवला. मंडळाच्या हेरंब सरांनी स्वतः माती लोटली.

बोट सुटलं नाही.

डॉक्टर झाले, गावचा देव झाला. बोट दिसायला धडधाकट. पण आरोही झोपेतही ते हलवत नाही. बाळ जागं होईल, म्हणते.

पुढच्या महिन्यात खोली रिकामी करायची आहे. काल सामान बांधताना आरोही रडत म्हणाली, "आजी, तूच आई ना तिची? तू घे ना तिला."

सुभद्राबाईने पोलक्यात दुमडलेलं फडकं बदललं. मग नातीकडे बघून म्हणाली,

"छप्पन वर्षं मी आई असून हाक मारली नाही. तू माइकवरून मारलीस. तुझी सख्खी आत्या ती, आणि बारसं तू केलंस. मी तिला रोज बोलावते, आरोही. ती माझ्याकडे येत नाही. उद्या मी मरेन, तेव्हाही ती तुझंच बोट धरून असेल."